मोटारीचा दोषांक व त्याचें निदान

पिकावर रोग दिसूं लागला असतां जाणता शेतकरी प्रथम पान उलटून पाहतो, मग मूळ उकरून पाहतो, आणि त्यानंतरच औषधाची बाटली हातीं घेतो. पान पिवळें पडलें एवढ्यावरून नत्राची उणीव आहे, कीं मुळाशीं पाणी सांचलें आहे, कीं किडीचा उपद्रव आहे, हें ठरत नाहीं. तिन्ही कारणांनीं पान पिवळेंच पडतें. मोटारीच्या बाबतींत मात्र हा विवेक पुष्कळदां सुटतो. समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्यें यंत्र लावून एक आंकडा काढला जातो, आणि त्या आंकड्यासरशीं एखादा महागडा भाग बदलला जातो. आठ दिवसांनीं तोच दिवा पुन्हां लागतो. याच्या उलट कांहीं लोक दिवा केवळ पुसून घेतात व गाडी तशीच चालवितात. मग खरोखरच आंतील साखळी सैल झालेली असली तर एके दिवशीं सबंध इंजिन हातचें जातें. हे दोन्ही तोटे टाळतां येण्यासारखे आहेत.

प्रस्तुत लेखांत अशाच एका दोषांकाचें निदान पायरीपायरीनें कसें करावें, हें सांगण्याचें योजिलें आहे. तो दोषांक म्हणजे पी–००११. इंजिनांत हवा घेणारी जी झडप, जिला मिस्त्री लोक इनटेक व्हॉल्व्ह म्हणतात, तिच्या उघडझापीच्या वेळेशीं याचा संबंध आहे.

१. दोषांक म्हणजे काय

आजच्या मोटारींत इंजिनावर देखरेख ठेवणारें एक लहान गणकयंत्र बसविलेलें असतें. इंजिनाची गति, त्यास थंडावा देणाऱ्या पाण्याची उष्णता, आंत येणाऱ्या हवेचें मान, धुरांतील प्राणवायूचें प्रमाण, इत्यादि मापें तें क्षणोक्षणीं घेत असतें. एखादें माप ठराविक मर्यादेबाहेर जाऊन तसेंच राहिलें, म्हणजे हें यंत्र त्याची नोंद पांच चिन्हांच्या एका संकेतानें करून ठेवतें व दिवा लावतें. या संकेतास फॉल्ट कोड असें म्हणतात. आपण त्यास दोषांक म्हणूं. अमेरिकेंत १९९६ सालापासून नव्या मोटारींस ही योजना सक्तीची झाली. भारतांत तिचें दुसऱ्या टप्प्याचें स्वरूप २०१३ च्या एप्रिलपासून लागू झालें, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आल्यावर ती अधिक कडक झाली. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांसही १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाल्यामुळें त्यांतही अशीं यंत्रें आलीं आहेत. त्यांचे संकेत निराळ्या पद्धतीचे असतात. निदानाचें तत्त्व मात्र एकच आहे.

दोषांक वाचण्याची रीत सोपी आहे. पहिलें अक्षर पी असल्यास दोष इंजिन व गिअर यांच्या संबंधीं, सी असल्यास ब्रेक, स्टिअरिंग वगैरेंच्या संबंधीं, बी असल्यास गाडीच्या सांगाड्यासंबंधीं व यू असल्यास यंत्रायंत्रांतील संदेशवहनासंबंधीं समजावा. त्यापुढील आंकडा शून्य असल्यास तो संकेत सर्व कंपन्यांस समान असतो. एक असल्यास तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो. पी–००११ याचा अर्थ, ‘ए कॅमशाफ्टची वेळ फार अगोदर आहे, किंवा ती बदलण्याची योजना नीट चालत नाहीं, बँक १’ असा आहे. येथें ‘ए’ म्हणजे हवा घेणाऱ्या झडपांचा कॅमशाफ्ट. चार सिलिंडर एका ओळींत असलेल्या इंजिनास बँक एकच असते.

आतां वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. या वाक्यांत कोणत्याही भागाचें नांव ‘हा बिघडला’ म्हणून घेतलेलें नाहीं. यंत्रानें कॅमशाफ्ट अमुक अंशांवर मागितला व तो तेथें आला नाहीं, एवढेंच तें सांगतें. तो कां आला नाहीं, हें शोधणें मनुष्याचें काम आहे.

२. झडपेची वेळ कशी बदलते

फोर-स्ट्रोक इंजिनांत क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांस कॅमशाफ्टची एक फेरी होते व तेवढ्यांत प्रत्येक झडप एकदां उघडते व मिटते. इंजिन मिनिटास ३,००० फेरे फिरत असलें, तर एक झडप मिनिटांत १,५०० वेळां, म्हणजे सेकंदास २५ वेळां उघडते. इतक्या त्वरेच्या कामांत थोडीशी मागेंपुढें झालेली वेळही इंजिनास जाणवते.

इंजिन मंद चालत असतां हवेची झडप जरा उशिरा उघडणें हितकर असतें. कारण त्या वेळीं धूर बाहेर टाकणारी झडप पुरती मिटलेली नसते. दोन्ही झडपा फार वेळ एकदम उघड्या राहिल्या, तर जळका वायु उलट आंत शिरतो व इंजिन थरथरतें. मध्यम गतीनें, ओझें ओढीत असतां मात्र ती झडप लवकर उघडल्यास जोर वाढतो व इंधन वांचतें. यास्तव एकच वेळ कायमची न ठेवतां ती चालत्या इंजिनांत बदलण्याची युक्ति निघाली. इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीनें १९८० साली अशी मोटार विक्रीस काढली. आतां साध्या पेट्रोल मोटारींतही ही युक्ति सर्रास आढळते.

तिची रचना अशी. कॅमशाफ्टच्या टोकास साखळीनें फिरणारें दांतेरी चक्र असतें. त्याच्या पोटांत कप्पे व त्यांत पातीं असतात. पात्याच्या एका बाजूस इंजिनाचें तेल दाबानें सोडलें, म्हणजे कॅमशाफ्ट चक्राच्या मानानें कांहीं अंश पुढें सरकतो. दुसऱ्या बाजूस सोडलें, म्हणजे मागें येतो. या चक्रास फेझर म्हणतात. तेल कोणत्या बाजूस जावें हें एक लहान, विजेनें चालणारी झडप ठरविते. तीस ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणतात. पाटाचें पाणी कधीं या वाफ्यांत, कधीं त्या वाफ्यांत फिरविणारा, दारें धरणारा गडी जें काम करतो, तेंच हिचें काम. तिच्या तोंडाशीं पुष्कळ गाड्यांत एक बारीक जाळीही असते. इंजिन बंद असतां हवेचा कॅमशाफ्ट बहुधा पूर्ण मागें येऊन एका खिळीनें अडकून राहतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. गडी कितीही चलाख असला, तरी पाटाला पाणीच नसेल, किंवा पाट गाळानें भरला असेल, तर वाफा भिजत नाहीं. तेल कमी, घट्ट किंवा गाळानें भरलेलें असेल, तर फेझर व त्याची झडप नवीकोरी असूनही पी–००११ येऊं शकतो.

३. लक्षणें

कॅमशाफ्ट पुढें गेलेल्या स्थितींतच अडकला, तर मंद गतीस इंजिन थरथरतें, सिग्नलपाशीं बंद पडतें, व सुरू करतांना त्रास देतें. याचा जोडीदार दोषांक पी–००१२ हा वेळ फार मागें राहिल्याचें सांगतो. त्यांत इंजिन मंद चालतांना शांत असतें, परंतु चढावर जोर कमी पडतो. पी–००१० हा त्या लहान झडपेच्या विजेच्या मंडळांतील दोष दाखवितो. पी–००१६ म्हणजे क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ चुकला. हा पी–००११ च्या सोबत आला, तर गोष्ट गंभीर समजावी.

दिवा स्थिर असल्यास गाडी जपून गॅरेजपर्यंत नेतां येते. तो लुकलुकत असल्यास सिलिंडरांत इंधन न जळतां बाहेर पडत आहे असें समजून ओझें व वेग ताबडतोब कमी करावा व शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. नाहींतर धूर शुद्ध करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतें. तेलाच्या बुधलीचा तांबडा दिवा लागल्यास मात्र एक पाऊलही पुढें न जातां इंजिन बंद करावें.

४. निदानाच्या पायऱ्या

पुढील क्रम स्वस्तापासून महागाकडे व बाहेरून आंत असा लावलेला आहे. तो मोडूं नये. कामापूर्वीं हँडब्रेक ओढावा, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवावी, व चालत्या इंजिनाजवळ जातांना उपरणें, पदर, सैल बाही पट्ट्यांत सांपडणार नाहीं याची काळजी घ्यावी.

(अ) नोंद. स्टिअरिंगजवळ फळीखालीं सोळा खाचांचें एक तोंड असतें. त्यांत स्कॅनर लावून जितके दोषांक असतील तितके सर्व वहींत लिहून घ्यावे. नोंद घेण्यापूर्वीं ते पुसूं नयेत. दोष उत्पन्न झाला त्या क्षणींचीं मापें यंत्र जपून ठेवतें. यास फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यांतील गति व उष्णता अवश्य पाहावी. इंजिन थंड असतां दोष आला असेल, तर तेल घट्ट असल्याचा संशय अधिक. पूर्ण तापल्यावर मंद गतीस आला असेल, तर तेल पातळ होऊन दाब कमी पडत असल्याचा संशय अधिक. ही एक नोंद पुढचा अर्धा शोध वांचविते.

(आ) तेल. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं, पट्टी काढून तेलाची पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्यें असावी. तेल कधीं बदललें व तें कोणत्या दर्जाचें होतें, हें वहींत पाहावें. डब्यावरील आंकड्यांचा अर्थ असा: डब्ल्यू या अक्षराच्या मागचा आंकडा थंडींतील घट्टपणा दाखवितो व पुढचा इंजिन तापल्यावरचा. अनेक पेट्रोल मोटारींस ०डब्ल्यू–२० किंवा ५डब्ल्यू–३० असें पातळ तेल लागतें. ट्रॅक्टरास १५डब्ल्यू–४० किंवा २०डब्ल्यू–४० असें घट्ट तेल चालतें. शेतावरच्या गोठ्यांत ट्रॅक्टरच्या तेलाचा मोठा डबा असतो, मोटारीचें तेल कमी झालेलें दिसतें, आणि ‘तेल तें तेल’ म्हणून त्यांतलेंच लिटरभर ओतलें जातें. फेझरच्या अरुंद वाटांतून हें तेल सकाळच्या गारव्यांत वेळेवर पोंचत नाहीं, आणि यंत्र दोष नोंदवितें. म्हणून तेलाविषयीं थोडाही संशय असल्यास प्रथम गाडीच्या पुस्तिकेंत लिहिलेल्या दर्जाचें तेल व नवा फिल्टर घालावा, दोषांक पुसावा, व आठ-दहा दिवस गाडी चालवून पाहावी. जुन्या तेलाचा चिखल झालेला आढळल्यास तीव्र द्रव घालून इंजिन एकदम धुण्यापेक्षां थोड्या थोड्या अंतरानें दोनदां तेल बदलणें बरें. कारण एकदम सुटलेला गाळ तेलाच्या पंपाच्या जाळींत अडकण्याचें भय असतें.

(इ) तारा. शेतावर उभ्या राहणाऱ्या गाडींत उंदीर तारा कुरतडतात, हा अनुभव नवा नाहीं. तेलाच्या झडपेपर्यंत गेलेल्या दोन तारा डोळ्यांनीं व हातानें तपासाव्या. जोडाच्या तोंडांत तेल झिरपलें आहे काय, पितळी टोकें हिरवीं पडलीं आहेत काय, हें पाहावें. तारांचा दोष असल्यास बहुधा पी–००१० ही दिसतो.

(ई) तेलाची झडप. जोड काढून झडपेच्या दोन टोकांमधील विजेचा रोध मीटरनें मोजावा. अनेक गाड्यांत तो सात-आठ ओहमच्या आसपास असतो. नेमका आंकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेंतून घ्यावा. रोध अनंत दिसल्यास आंतील तार तुटली आहे. शून्याजवळ असल्यास ती आंतल्या आंत जुळली आहे. रोध बरोबर असल्यास पुढील कसोटी मिस्त्रीकडून करवावी. इंजिन तापवून मंद चालूं ठेवावें, व त्या झडपेस बॅटरीची वीज क्षणभर थेट द्यावी. इंजिन थरथरलें किंवा बंद पडलें, आणि वीज काढतांच सुधारलें, तर झडप, तेलाची वाट व फेझर हीं तिन्ही हालचाल करीत आहेत असें समजावें. कांहींच फरक न पडल्यास यांपैकीं एक अडकलें आहे.

मग इंजिन थंड झाल्यावर झडप काढावी. एक-दोन स्क्रू काढले म्हणजे ती बहुधा बाहेर येते. तिची जाळी गाळानें भरली असल्यास स्वच्छ करावी. ज्या इंजिनांत हवेच्या व धुराच्या अशा दोन्ही कॅमशाफ्टांस ही योजना असून दोन्हीकडील झडपा तंतोतंत सारख्या असतात, तेथें एक फुकटची परीक्षा करतां येते. दोन्ही झडपांची अदलाबदल करावी. आतां पी–००११ जाऊन पी–००१४, म्हणजे धुराच्या कॅमशाफ्टचा दोषांक आला, तर दोष झडपेबरोबर गेला. ती झडपच बदलावी. पी–००११ तसाच राहिला, तर झडप निर्दोष आहे. तीवर पैसे खर्च करूं नयेत.

(उ) साखळी व फेझर. येथपर्यंत कारण सांपडलें नाहीं, तर मात्र इंजिनाचें झांकण उघडणें प्राप्त आहे. सकाळीं प्रथम सुरू करतांना दोन-तीन सेकंद खडखड असा आवाज येत असल्यास फेझरची खिळी झिजली आहे किंवा साखळी सैल पडली आहे असा तर्क करावा. त्यासोबत पी–००१६ असल्यास तर्क बळावतो. अशा गाडीस लांबचा प्रवास करूं देऊं नये; ती ओढून नेणें परवडतें. साखळीनें एक-दोन दांत सोडले, तर बहुतेक आधुनिक इंजिनांत पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो, झडपा वांकतात, व इंजिनाचें डोकें उतरवावें लागतें. साखळी बदलतांना तिचा ताण राखणारा भाग व मार्गदर्शक पट्ट्याही त्याच वेळीं बदलाव्या, कारण मजुरी एकदांच पडते.

५. एक उदाहरण

समजा, नाशिक जिल्ह्यांतील एका बागाईतदाराच्या मोटारीस पौष महिन्यांत पी–००११ आला. सोबत दुसरा दोषांक नाहीं. फ्रीझ फ्रेममध्यें इंजिनाच्या पाण्याची उष्णता २२ अंश दिसते, म्हणजे गाडी नुकतीच सुरू केली होती. खडखड नाहीं. वहींत पाहतां दिवाळीनंतर तेल कमी झालें म्हणून घरचेंच तेल घातल्याची नोंद आहे. येथें फेझरचें नांवही काढण्याचें कारण नाहीं. योग्य तेल व फिल्टर हाच पहिला उपाय. आतां उलट समजा, तोच दोषांक वैशाखांत, इंजिन ९५ अंशांवर असतां, बाजारसमितीच्या दाराशीं रांगेंत उभें असतांना आला, सोबत पी–००१६ आहे, आणि रोज सकाळीं खडखड होते. येथें तेलाची पातळी पाहून झाल्यावर वेळ न दवडतां साखळी तपासावी. दोषांक एकच; परंतु एकाचा उपाय तासाभराचा, तर दुसऱ्याचा सबंध इंजिन वांचविणारा.

६. झडपच गळत असल्यास

कित्येकदां वेळ बरोबर असते, परंतु हवेची झडप आपल्या बैठकीवर घट्ट बसत नाहीं. तिची कड जळलेली असते, किंवा काजळीचा थर बसलेला असतो. हा रोग निराळा व त्याचे दोषांकही निराळे. पी–०३०० हा सिलिंडरांतील जळणें चुकत असल्याचें सांगतो. पी–०३०१ पासून पी–०३०४ पर्यंतचे अंक कोणता सिलिंडर, हें दाखवितात. प्लग व कॉइल बदलूनही दोष त्याच सिलिंडरांत राहिला, तर त्यांतील दाब मोजावा. तो इतरांहून फार कमी असल्यास प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावा. दाब वाढल्यास पिस्टनच्या कड्या झिजल्या. न वाढल्यास झडप गळते. कोणती झडप, हें कानानें कळतें. पिस्टन दाबाच्या फेरींत अगदीं वर आणून प्लगच्या भोंकांतून दाबाची हवा सोडावी. हवेच्या फिल्टरकडून फुसफुस ऐकूं आल्यास हवेची झडप, सायलेन्सरकडून आल्यास धुराची झडप, तेल घालण्याच्या तोंडांतून आल्यास कड्या, आणि रेडिएटरांत बुडबुडे आल्यास डोक्याखालील गॅस्केट सदोष समजावें.

७. दुरुस्तीनंतर

दोषांक पुसल्यावर दिवा विझला, एवढ्यानें काम पुरें झालें असें मानूं नये. पुष्कळ गाड्यांत सलग दोन फेऱ्यांत दोष आढळल्यावरच दिवा लागतो. म्हणून गाडी एकदां पूर्ण थंड स्थितींतून सुरू करावी, एकदां चढावर ओझ्यासह चालवावी, व मग पुन्हां स्कॅनर लावून प्रलंबित दोषांक उरला आहे काय, हें पाहावें.

ज्याप्रमाणें प्रत्येक शेताची खत-पाण्याची वही असते, त्याप्रमाणें प्रत्येक गाडीचीही वही असावी. तींत तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर, तेलाचा दर्जा, आलेला दोषांक, त्या वेळची उष्णता व गति, आणि केलेला उपाय हीं लिहावीं. गॅरेजमध्यें जातांना ही वही बरोबर न्यावी, व मिस्त्रीला ‘हा भाग बदला’ असें न सांगतां ‘हें कशावरून ठरविलें तें दाखवा’ असें नम्रपणें विचारावें. चांगला मिस्त्री या प्रश्नानें रागावत नाहीं. त्याच्या हातीं मीटर असतें व तो तें दाखवितो. आणि ट्रॅक्टरच्या तेलाच्या डब्यावर खडूनें ‘मोटारीसाठीं नाहीं’ एवढे दोन शब्द आजच लिहून ठेवावे. त्यास कांहींच खर्च येत नाहीं.